पोथीचा मागचा पुठ्ठा

खळ ढवळत असताना मी कुणाशी बोलत नाही. दारात पाहुणा आला तरी हातानंच बसा म्हणून खुणावते. लोकांना वाटतं, बाई आखडू आहे. आखडू मी आहेच, पण त्याचं कारण हे नव्हे. खळीवरची नजर हलली की तळाशी गुठळ्या धरतात आणि एकदा धरलेली गुठळी मग कितीही घोटा, मोडत नाही. माझे सासरे म्हणायचे, "सुनबाई, खळ आन् तान्हं पोर, दोन्हीकडं पाठ करायची न्हाई." लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांचं ऐकलं. एकदाच ऐकलं नाही.

या अंकासाठी लिहा असं सांगणाऱ्यांनी मला म्हटलं होतं, "धंद्यातल्या गमतीजमती येऊ द्या." गमती आहेत, नाहीत असं नाही. एकदोन सांगतेही. पण दिवाळीच्या अंकात लोक आपापली कर्तबगारी लिहितात, तिथं मी माझी चूक लिहिणार आहे. बाजारात दुसऱ्यांच्या तोंडून फिरण्यापेक्षा ती माझ्या हातानं कागदावर उतरलेली बरी.

आमचं दुकान भिंगारच्या जुन्या बाजारात, एका बोळाच्या तोंडाशी. सासरे पुस्तकं बांधायचे. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे चर्चची गायनाची पुस्तकं आणि बाप्तिस्म्याची रजिस्टरं आमच्याकडं यायची. पलीकडं मिलिटरीची ऑफिसं, तिथले सिव्हिलियन क्लार्क आपल्या पोरांची पुस्तकं आणायचे. माझे मालक डेपोत नोकरीला, त्यांना या कामाची आवड नव्हती. सासऱ्यांना शिकवायला कुणीतरी हवं होतं आणि मला घरात नुसतं बसवत नव्हतं. असा हा धंदा माझ्याकडं आला. पुस्तकांच्या जोडीला गणपतीची मखरं, दिवाळीचे आकाशकंदील, नाताळचे तारे, सगळं केलं. या सगळ्याला जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे खळ.

खळ म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. वाटीभर मैदा घ्यायचा, थंड पाण्यात भज्याच्या पिठाइतका सैल कालवायचा आणि बोटांनी एकूणएक गुठळी मोडायची. दुसरीकडं चार-पाच वाट्या पाण्याला आधण आणायचं. आधण आलं की आच बारीक करून कालवलेला मैदा धार धरून सोडायचा. एका हातानं धार, दुसऱ्या हातात लाकडी डाव, आणि डाव एकाच अंगानं फिरवायचा. पांढरी दिसते तोवर खळ कच्ची. रंग बदलून काचेसारखी झाक आली की ती शिजली. उतरवल्यावरही निवेपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर दुधासारखी साय धरते आणि ती साय कागदाखाली गेली की फोड येतो. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यायची. ताऱ्याचा आणि कंदिलाचा पतंगी कागद नाजूक, त्याला मैद्याचा डाग पडतो. तिथं साबुदाण्याची पातळ खळ लागते.

पुस्तकाच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा. मोरचूद म्हणजे ते निळे खडे, विषारी असतात. त्यानं कसर आणि झुरळं लांब राहतात. सजावटीच्या खळीत मात्र मोरचूद घालायचा नाही, तिथं थोडीशी तुरटी पुरते. दोन्ही पातेली वेगळी, आणि मोरचुदाच्या पातेल्याच्या कानाला सासऱ्यांनी निळी दोरी बांधलेली. एकदा शाळेतल्या एक नव्या बाई कागदकामाच्या तासासाठी खळ न्यायला आल्या. म्हणाल्या, "मुलं बोटं चाटतात हो, काही होणार नाही ना?" मी बिनदोरीच्या पातेल्यात बोट बुडवलं आणि त्यांच्यासमोर चाटलं. त्या पुढची दहा वर्षं माझ्याकडूनच खळ नेत राहिल्या.

बकरीची गोष्ट अख्ख्या भिंगारला माहीत आहे, पण सांगते. शेजारच्या शिंदेकाकूंच्या गणपतीसाठी मी मखर केलं होतं, चांगलं चार खांबांचं, वर कमान. वाळायला अंगणात ठेवलं. गणपती बसायच्या आदल्या दिवशी सकाळी बघते तर बोळातल्या कुणाच्या तरी बकरीनं डावीकडचे दोन खांब आणि निम्मी कमान फस्त केलेली. खळ म्हणजे शेवटी पीठच की! बकरीला काय, आयती मेजवानी. मला रडू कोसळलं. शिंदेकाकू आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "अगं, रडतीस काय? देवाच्या आधी बकरीला नैवेद्य गेला म्हणायचा." दिवसभर बसून मी नवे खांब उभे केले. सासरे मात्र मखराकडं बघतच नव्हते, त्यांचा डोळा बकरीवर. संध्याकाळी ती ठणठणीत दिसल्यावर म्हणाले, "दोरीचं पातेलं घेतलं असतंस तर मुकं जनावर हकनाक मेलं असतं. या धंद्यात सवयीवर हात चालतो सुनबाई, म्हनून सवय चांगली लावायची."

आमच्या दुकानाच्या दोन सवयी होत्या. पुढचं कळायला त्या माहीत हव्यात.

पहिली म्हणजे पुठ्ठा आम्ही बाजारातून आणायचो नाही, घरी करायचो. कागदावर खळ लावायची, वर दुसरा कागद, परत खळ, असे सात-आठ थर. कडा कापायच्या नाहीत, आत दुमडायच्या. मग दगडाखाली दाबून ठेवायचं. लाकडासारखा पुठ्ठा होतो. त्याला कागद कुठला? तर ज्याचं पुस्तक त्याची रद्दी. गिऱ्हाईक पुस्तकाबरोबर आपल्याच घरची रद्दी आणून द्यायचं. मास्तरांच्या पुस्तकांबरोबर उत्तरपत्रिका यायच्या, एका रिटायर्ड सुभेदारांच्या गठ्ठ्याबरोबर वर्तमानपत्रं, कुणाकडून जुन्या वह्या, कुणाकडून जुनी पत्रं. सासऱ्यांचं म्हणणं, पुस्तक ज्याच्या घरात राहणार त्याच्याच घरचा कागद त्याला पाठीशी असावा. भिंगारमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला वेगळं सांगायची वेळच येत नसे.

दुसरी सवय अशी की रद्दी वाचायची नाही. वाचायला लागलं की हात थांबतो आणि खळ सुकते, हे एक. आणि दुसरं, लोकांच्या घरातलं आपण कशाला बघायचं? सासऱ्यांनी हे शिकवलं आणि मी ते फार अभिमानानं पाळलं. आता पाळत नाही.

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. बाजारात डब्यातला तयार पांढरा गोंद यायला लागला तेव्हा मी एकदा हट्ट धरला होता की आणून बघू या. त्यांनी माझ्यासमोर खळीनं चिकटवलेलं एक जुनं पान ओल्या फडक्याखाली ठेवलं. पाऊण तासानं ते पान सहज उचललं गेलं, अक्षराला धक्का नाही. म्हणाले, "चिकटवायला काय, कुनीबी चिकटवंल. पन उद्या कुनाला सोडवायची येळ आली, तर सुटलं पायजे. आपल्यामागून येनाऱ्याला वाट ठिवायची." ते गेल्यावरही मी डबा आणला नाही. मुलाचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, तो हसायचा. "आई, लोकांना दोन मिनिटांत पाहिजे असतं आणि तू पीठ शिजवत बसतेस." त्यानंच एकदा पांढऱ्या गोंदाची बरणी आणून माझ्या फळीवर ठेवून दिली. मी तिला हात लावला नाही, पण फेकलीही नाही.

आता कांताबाई.

आषाढ होता. झिमझिम लागून राहिलेली, काही वाळत नव्हतं. मी खळ ढवळत होते आणि दारात एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या आसपास, डोक्यावर पदर, हातात कॅन्टीनची पिशवी. इकडं फौजी माणसांचं कॅन्टीन असल्यामुळे लांबलांबच्या गावांहून माजी सैनिक, त्यांच्या बायका सामान न्यायला येतात. त्यांच्या काखेत लाल फडक्यात बांधलेली पोथी होती. मी हातानंच बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

"एस्टी हाय मला. पोथीचे पुठ्ठे कसरीनं खाल्ले. श्रावन लागायच्या आत पायजे, वाचायला बसायचं असतंय," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. त्यांनी फडकं फळीवर ठेवलं. म्हणाल्या, "कागदं बी हायेत त्यात." मी परत मान हलवली, खळीवरून नजर न काढता. कागद आहेत, म्हणजे पद्धत माहीत असलेली बाई आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्या शनिशिंगणापूरच्या, इकडं पुस्तक घेऊन पहिल्यांदाच आलेल्या, त्यांना आमची पद्धत माहीत असायचं काही कारण नव्हतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. नाव विचारलं आणि वहीत लिहिलं, 'कांताबाई, पोथी, दोन पुठ्ठे.'

पोथी म्हणजे सुटी आडवी पानं, वर एक पुठ्ठा, खाली एक पुठ्ठा. पानांच्या फाटलेल्या कडांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या. फडक्यात खाली दोऱ्यानं बांधलेली पत्रांची चळत होती. निळी आंतरदेशीय पत्रं, घडीवर मऊ झालेली, बॉलपेननं लिहिलेली. चौदा भरली. मी वाचली नाहीत. कागद जरा जाड आहे, पुठ्ठा चांगला होईल, एवढं मनात आलं. दोरा सोडला. आठ पत्रांचा पहिला पुठ्ठा खळीनं केला आणि दगडाखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मागच्या पुठ्ठ्यासाठी आधण ठेवलं आणि गॅस संपला. नंबर लावला, दोन दिवस लागतील म्हणाले. शेजारी शिंदेकाकूंच्या सूनबाईंकडं जाऊन खळ शिजवता आली असती. त्यांनी काही नाही म्हटलं नसतं. पण पाऊस लागलेला, गुडघा दुखत होता आणि श्रावण तोंडावर. आळस केला. दुसरा शब्द मी वापरणार नाही. फळीवरची बरणी घेतली आणि उरलेल्या सहा पत्रांना पांढरा गोंद लावला. ब्रश त्यात नीट चालत नव्हता, तरी घाईघाईत उरकलं. पुठ्ठा चटकन वाळला, ताठ झाला, दिसायलाही छान. मनात आलंसुद्धा की पोरगा म्हणतो ते अगदीच खोटं नाही.

कांताबाई आल्या, पोथी कपाळाला लावली आणि घेऊन गेल्या. तासाभरात परत आल्या. पावसात भिजलेल्या, धापा टाकत.

"बाई, आतली कागदं ऱ्हायली तुमच्याकडं."

"कुठली?"

"पत्रं हुती. दोऱ्यात बांदलेली. माज्या मालकाची."

मी म्हटलं, "ती पुठ्ठ्यात घातली. आमच्याकडं पद्धत आहे..." त्यांना कळेना. मी पोथीचा पुठ्ठा हातात घेऊन कापडाची कड उचलली आणि आतले थर बोटानं दाखवले. तेव्हा कळलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या. रडल्या नाहीत. माझ्याकडं बघून सावकाश म्हणाल्या, "आमच्या गावात दाराला कडी नसती. दारच नसतंय. पन माज्या घरातून कदी चिंधी गेली न्हाई बाई. आन् तुमच्या हातात दिली तर गेली."

या धंद्यात गिऱ्हाइकांची बोलणी खूप खाल्ली. तेवढं कुणाचंच लागलं नाही.

मी पाणी दिलं, चहा केला. शेजारच्या गॅसवर केला, आता जायला गुडघा दुखत नव्हता. मग त्या बोलल्या. नवरा फौजेत, वर बर्फात पोस्टिंग. लेक सहा महिन्यांची पोटात असताना तो तिथंच वारला. ही चौदा पत्रं तेवढी त्याची. त्यातल्या एका पत्रात त्यानं लिहिलं होतं की इथं खाली एक नदी वाहते, सिंधू नावाची, रोज पहाऱ्यावरून दिसते. मुलगी झाली तर हेच नाव ठेव.

"मी ठिवलं. माज्या नणंदा म्हनल्या, म्हातारीचं नाव कसलं ठिवती? पत्रात हाय म्हनलं, तर म्हनल्या, दाव. मी दावलं न्हाई."

"का?"

कांताबाईंनी पदर नीट केला. "त्यात नुसतं नावच हुतं व्हय? नवऱ्याची पत्रं ती. कशी दावायची कुनाला?"

लेक मोठी झाली. शाळेत पोरी चिडवायच्या, सिंधूआजी, सिंधूआजी म्हणून. एकदा ती आईला बोलली, तूच ठेवलंस हे नाव आणि पप्पांवर ढकलतेस, आत्या म्हणतात तेच खरं. कांताबाईंना ते झोंबलं. म्हणाल्या, "तुज्या लग्नात देईन ते पत्र तुला. तवाच वाच." एकदा बोलल्या ते बोलल्या. पत्रं पोथीच्या फडक्यात देव्हाऱ्यात राहिली. आता दिवाळीनंतर सिंधूचं लग्न होतं.

"बाकीची गेली तर गेली. तेवढं एक काडून द्या," त्या म्हणाल्या.

मी पंधरा दिवस मागितले. श्रावण त्यातच सुरू होणार होता. त्या म्हणाल्या, "पोथी म्होरल्या वर्सी वाचीन." पोथी माझ्याकडं सोडून त्या गेल्या.

पहिला पुठ्ठा घेतला. वरचं कापड काढलं, परातीत कोमट पाणी घातलं, ओल्या फडक्यांमध्ये पुठ्ठा ठेवला आणि वाट बघत बसले. दुपारी कडा फुगल्या. बांबूच्या पातळ पट्टीनं पहिला थर उचलला तर तो आपणहून यायला लागला. मी मोठ्यानं म्हटलं, "बाबा, तुमची खळ!" सासरे असते तर म्हणाले असते, बोलू नको, हात हलतो. दिवसभरात आठही पत्रं सुटली. बॉलपेनची शाई, फुटली नाही. टिपकागदांत घालून वाळवली.

आणि मग मी दुकानाची सवय मोडली. वाचावंच लागलं. एका शब्दापुरतं वाचायचं ठरवलं होतं, पण डोळ्यांवर कुणाचं राज्य चालतं? विहिरीचं पाणी, बैलाचं दुखणं, 'तू उपास करू नकोस', आणि कांताबाईंनी नणंदांना का दाखवलं नाही तेही. एका माणसाचा संसार होता तो, आणि मी त्याला खळ लावली होती. आठही पत्रांत ते नाव नव्हतं. म्हणजे ते मागच्या पुठ्ठ्यात होतं.

मागचा पुठ्ठा काही सुटला नाही. पाणी केलं, गरम पाणी केलं, वाफ दिली, शेजारच्या पोस्टातल्या माणसानं सांगितलं म्हणून व्हिनेगर केलं. गोंद भिजून दुधासारखा पांढरा व्हायचा, रबरासारखा ताणायचा आणि ओढला की कागदाचा अक्षरांकडचा पापुद्रा घेऊन यायचा. सगळ्यात वरचं पत्र निम्मं फाटलं. त्यावर नाव नव्हतं, पण ज्या ओळी होत्या त्या गेल्या. मग मी हात थांबवला. आणखी ओढलं असतं तर सगळंच लगदा झालं असतं. मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, मी ती बरणी आणायला नको होती." मी म्हटलं, "तू आणलीस, उघडली मी."

चर्चमध्ये त्या रविवारी पाप कबूल करायच्या प्रार्थनेला उभी राहिले, तेव्हा डोळ्यांसमोर ती बरणीच होती.

शेवटी एका कोपऱ्यात काहीतरी हाताला लागलं. सासरे माझं काम तपासताना प्रत्येक कोपऱ्यावर नख फिरवायचे. नखाखाली पोकळ वाजलं की पुठ्ठा परत. "कोपरा सुका सोडनारा बाइंडर कसला?" माझा कोपरा कधी सुका राहिला नव्हता. त्या दिवशी घाईत राहिला होता. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात तिसऱ्या आणि चौथ्या थरामध्ये ब्रश पोचलाच नव्हता. तिथून दोन बोटं रुंदीचा तुकडा अलगद वर आला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम, आणि तेवढंच कामाला आलं. पत्राच्या पानाची ती शेवटची ओळ होती, तिचा शेवट. पुढची ओळ पाठीमागं, आणि पाठीमागं गोंद.

मी तो कोपरा तसाच ठेवला आणि निरोप पाठवला.

निरोप मिळाल्यावर कांताबाई आल्या, त्यांच्याबरोबर सिंधूही आली. उंच, अंगानं बारीक, नेवाशाला एका पतसंस्थेत नोकरी करणारी. आईचा राग चेहऱ्यावर दिसत नव्हता, लेकीचा दिसत होता. मी खुर्च्या पुढं केल्या. "बसायला नाही आलो आम्ही," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

मी म्हटलं, "आधी मला बोलू द्या. चूक माझी आहे. पत्रं रद्दी समजून वापरली, ही एक. खळ करायचा कंटाळा केला, ही दुसरी. पहिली चूक सुधारता आली. दुसरी नाही."

टिपकागदातली आठ पत्रं पुढं ठेवली. सिंधूनं हात पुढं केला, त्याआधीच कांताबाईंनी ती उचलून पिशवीत घातली आणि वरून कॅन्टीनचा साबण ठेवला. त्यातही सिंधूला हसू आलं. तेवढं एकच.

मग मी मागचा पुठ्ठा टेबलावर ठेवला. म्हटलं, "तुझं पत्र यात आहे. निघत नाही. ओढलं तर फाटेल. हा एवढा कोपरा सुटलाय."

सिंधू खाली वाकली. कोपरा उचलायला तिनं बोट लावलं नाही, फुंकर मारली. तो हलला आणि उघडा झाला. ती वाचत राहिली. तीन शब्दांना एवढा वेळ लागत नाही.

"काय लिवलंय गं?" कांताबाईंनी विचारलं.

सिंधूनं वाचलं, "मुलगी झाली तर."

कांताबाई पुटपुटल्या, "मी सांगत हुते."

मला राहवेना. मी म्हटलं, "पुढचं गोंदात गेलं गं पोरी. माझ्यामुळं गेलं. पुढचं अक्षर मला नाही काढता आलं."

सिंधूनं पुठ्ठा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. शहरी बोलत होती इतका वेळ. आता आईसारखी बोलली.

"पुढचं मला म्हाईत हाय."

मी नवं कापड चढवलं, या वेळी घरच्या गॅसवर, गुडघा दुखत असताना उभं राहून शिजवलेल्या खळीनं. कोपऱ्यापाशी आले तेव्हा ब्रश थांबवून सिंधूला विचारलं, चिकटवू का म्हणून. ती म्हणाली, "नको. तेवढा उघडा राहू द्या." पोथी तशीच शिंगणापूरला गेली.